म्युनिकला मुलाकडे तीन आठवडे: शनिवार-रविवार सोडून उरलेल्या पंधरा दिवसांचं काय?

काकू, नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मागून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही आणि काका सांगलीहून जूनमध्ये तीन आठवड्यांसाठी म्युनिकला मुलाकडे येताय. पहिलाच परदेश प्रवास. तुमचे गुडघे दुखतात, काकांना चालायचा त्रास नाही, नातू सात वर्षांचा आहे. मुलगा आणि सून दोघंही नोकरी करतात, म्हणून फिरायला मिळणार ते तीन शनिवार-रविवार, म्हणजे सहा दिवस. आणि यादीत आठ ठिकाणं: बर्लिन, हायडेलबर्ग, रोथेनबुर्ग, ब्लॅक फॉरेस्ट, त्सुगश्पित्सेचं शिखर, साल्झबुर्ग, युरोपा-पार्क (मनोरंजन उद्यान) आणि नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा. हे सगळं सहा दिवसांत कसं बसवायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी सोळा वर्षं म्युनिकमध्ये राहते. भारतातून येणाऱ्या कुटुंबांना फिरण्याचे दिवस आखून देणं, गरज पडेल तिथे सोबत जाणं, हे गेली नऊ वर्षं माझं काम आहे. त्यात मुलांकडे आलेले आईवडीलच जास्त असतात. त्या अनुभवावरून सांगते की अडचण तुमच्या यादीत नाही, हिशेबात आहे. तीन आठवड्यांचे दिवस होतात एकवीस. सहा दिवसांची यादी तुम्ही केलीत, पण उरलेल्या पंधरा दिवसांबद्दल तुमच्या प्रश्नात एक ओळही नाही.

ते पंधरा दिवस कसे जातात ते मी अनेक घरांत पाहिलंय. सकाळी आठला घर रिकामं होतं. आई ओटा आवरते, बाबा मोबाइलवर गावाकडच्या बातम्या वाचतात. दुपारी दोघं खिडकीशी बसतात, समोरून ट्राम जाते, पण बसायची हिंमत होत नाही. भाषा येत नाही, तिकिटाचं कळत नाही, चुकलो तर मुलाला ऑफिसातून यावं लागेल, ही धास्ती. मग शनिवार उजाडतो आणि आठवडाभराचं साचलेलं सगळं त्या एका दिवसात कोंबलं जातं. पहाटे साडेपाचला निघायचं, रात्री अकराला परतायचं. रविवारी आईचे पाय सुजलेले असतात आणि पाच दिवस राबलेला मुलगाही थकलेला असतो. दुसऱ्या शनिवारी कुणालाच घराबाहेर पडावंसं वाटत नाही.

तेव्हा माझं सांगणं एवढंच: आधी सोमवार ते शुक्रवार तुम्ही दोघं आपापले बाहेर पडायला शिका. लांबची ठिकाणं त्यानंतर ठरवा.

यात काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. मुलाचं घर लोकलच्या (इथे तिला एस-बान म्हणतात) किंवा मेट्रोच्या (ऊ-बान) स्टेशनपासून किती लांब आहे, गुडघे सपाटीवर दुखतात की फक्त जिन्यावर, नातवाची शाळा किती वाजता सुटते. जूनच्या सुरुवातीला बायर्नमध्ये (बव्हेरिया, म्युनिक ज्या राज्यात आहे ते) पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाच्या शाळेच्या सुट्या असू शकतात. तुम्ही त्या आठवड्यात असाल तर नातू दिवसभर तुमच्याबरोबर असेल, पण प्रत्येक ठिकाणी गर्दीही तितकीच.

तिकिटाचं एकदा नीट समजून घ्या, कारण निम्मी भीती तिथेच असते. म्युनिकच्या स्टेशनांवर आत शिरताना फाटक नसतं, तिकीट कुणी मागत नाही. म्हणून पाहुण्यांना वाटतं की तपासणी होतच नाही. होते, आणि साध्या कपड्यातले तपासनीस करतात. काही कागदी तिकिटं नुसती विकत घेऊन चालत नाहीत, जिन्याच्या तोंडाशी असलेल्या निळ्या पेटीत घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड ६० युरो. एका आजोबांनी तर ते कोरं तिकीट जपून पाकिटात ठेवलं होतं आणि मोठ्या विश्वासानं तपासनिसाला दाखवलं. दंड भरला तो भरलाच, शिवाय पुढचे चार दिवस ते घराबाहेर पडले नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटलं.

यावर सोपा उपाय डॉइचलांड-टिकीट. सगळ्या देशातल्या लोकल, मेट्रो, ट्राम, शहरातल्या बस आणि प्रादेशिक रेल्वेगाड्या एका पासात येतात. २०२३ च्या मे महिन्यात हा पास ४९ युरोंत सुरू झाला, जानेवारी २०२६ पासून तो ६३ युरोंचा आहे. झोनची, शिक्क्याची कटकट नाही. फक्त आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत तो चालत नाही. आणि हे महिन्यामागून महिना आपोआप चालू राहणारं सदस्यत्व असतं. रद्द करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत करावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. हे काम मुलावर सोपवा आणि त्याच्या फोनमध्ये तारीख टाकून घ्या. तुम्ही १ जूनच्या आसपास पोहोचणार असाल तर दोघांसाठी हाच पास घ्या. १० तारखेनंतर येत असाल तर रोजचं शहराचं तिकीट परवडेल. त्यातही ग्रुपचं दिवसाचं तिकीट असतं, त्यावर पाच मोठ्या माणसांपर्यंत फिरता येतं.

शनिवार-रविवारी सगळं घर निघेल तेव्हा बायर्न-टिकीट चांगलं. पाच जणांपर्यंत एका तिकिटात, बायर्न राज्यातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या, अगदी सीमेपलीकडच्या ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनापर्यंत. एरवीच्या दिवशी ते सकाळी नऊपासून लागू होतं, शनिवार-रविवारी आणि सुटीच्या दिवशी मध्यरात्रीपासून. त्यावर प्रवाशांची नावं लिहायची असतात, तेवढं विसरू नका.

आता जायचं कुठे? पर्यटकांसाठीच्या याद्या ठिकाणांची नावं देतात, पण त्या ठिकाणांना एकत्र बांधणारा धागा देत नाहीत. मी वडीलधाऱ्यांना आणि मुलांना नेहमी एकाच माणसाच्या मागे फिरवते. तो म्हणजे बायर्नचा राजा लुडविग दुसरा. तुमच्या यादीतला डोंगरावरचा राजवाडा त्याचाच. पण सुरुवात तिथून करू नका, त्याच्या जन्मापासून करा.

पहिल्या मंगळवारी निम्फेनबुर्गला जा. म्युनिक शहरातच, ट्रामनं. तिथल्या राजवाड्यात राणीच्या शयनगृहात २५ ऑगस्ट १८४५ रोजी लुडविगचा जन्म झाला, आणि ती खोली आजही पाहता येते. राजवाड्याला तिकीट आहे, मागची प्रचंड बाग फुकट आहे. वाटा सपाट, जागोजागी बाकं, कालव्यात हंस. दोन तास बसा. पाहायला काही शिल्लक राहिलं असं वाटलं तर परत जा, ट्राम आपलीच आहे.

नंतर एका दुपारी मारियेनप्लाट्स या मुख्य चौकात. नव्या नगरभवनाच्या मनोऱ्यावरच्या घड्याळातल्या बाहुल्या सकाळी ११ ला, दुपारी १२ ला आणि उन्हाळ्यात संध्याकाळी ५ ला नाचतात. नातवाची शाळा सुटल्यावर पाचच्या खेळाला त्याला घेऊन जा. तिथून पाच मिनिटांवर सेंट मायकेल चर्च आहे, त्याच्या तळघरात लुडविगची शवपेटी आहे. चौकात गोंगाट असतो आणि या तळघरात एकदम शांत. मुलं तिथे आपोआप हळू बोलायला लागतात.

तिसरा दिवस श्टार्नबेर्गच्या तळ्याचा. लोकलनं साधारण अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता, स्टेशनमधून बाहेर पडलं की समोर पाणीच. १८८६ च्या जूनमध्ये लुडविग वेडा आहे असं ठरवून त्याला गादीवरून काढलं आणि या तळ्याकाठच्या बेर्ग इथल्या राजवाड्यात ठेवलं. १३ जूनला संध्याकाळी तो आपल्या डॉक्टरबरोबर फिरायला बाहेर पडला आणि रात्री दोघांचे मृतदेह पाण्यात सापडले. नेमकं काय घडलं याचा वाद अजून मिटलेला नाही. ज्या ठिकाणी तो सापडला तिथे काठाजवळ पाण्यात एक साधा लाकडी क्रूस उभा आहे. तुम्ही जूनमध्येच येताय, त्यामुळे जमलं तर त्या तारखेच्या आसपास जा. नुसती बोटीची फेरी केलीत तरी दिवस सार्थकी लागेल.

एवढं झालं की मग नॉयश्वानस्टाइन. आता नातवाला ते कुणी बांधलं हे माहीत असेल आणि तो डोंगर नुसता फोटोचा राहणार नाही. बांधकाम १८६९ मध्ये सुरू झालं. राजा गेला तेव्हाही ते पुरं झालं नव्हतं, आणि तो गेल्यावर काही आठवड्यांतच पैसे घेऊन लोकांना दाखवायला सुरुवात झाली. ज्यानं एकांतासाठी बांधलं त्याच्या मागे आज वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं तिथे येतात. २०२५ मध्ये लुडविगचे राजवाडे युनेस्कोच्या यादीत गेले, त्यामुळे गर्दी कमी व्हायची शक्यता नाही.

पण काकू, इथे तुमच्या गुडघ्यांचं नीट बोलायला हवं. म्युनिकहून फ्युसेनपर्यंत रेल्वेनं दोन तास, पुढे बसनं दहा मिनिटं, ती पायथ्याच्या होहेनश्वानगाउ गावात सोडते. तिथून राजवाडा अर्धा-पाऊण तासाच्या चढावर. घोडागाडी मिळते, पण ती दारापर्यंत जात नाही, शेवटचा चढ चालावाच लागतो. बस वर मारियेनब्रुके या पुलाजवळ सोडते, मात्र तिथून राजवाड्याकडे तीव्र उतार आहे, आणि दुखऱ्या गुडघ्याला उतार चढापेक्षा वाईट. आत दीडशेहून जास्त पायऱ्या, मध्ये बसायला वेळ नाही, कारण फेरी ठरलेल्या वेळेला सुरू होऊन अर्ध्या-पाऊण तासात संपते. फोटो काढायला परवानगी नाही. तिकिटावर वेळ छापलेली असते. ती चुकली की तिकीट गेलं, म्हणून कित्येक आठवडे आधी ऑनलाइन काढा आणि फ्युसेनला त्या वेळेच्या दोन तास तरी आधी पोहोचा. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट, पण त्यांचंही तिकीट काढावं लागतं.

मी असं करेन: काका, मुलगा आणि नातू आत जातील. तुम्ही आणि सूनबाई खाली आल्प्से तळ्याच्या काठी बसा. तळं गावाला लागूनच आहे, पाणी हिरवंनिळं, समोर डोंगर, आणि मान वळवली की वर राजवाडा दिसतो. खरं तर तो बाहेरूनच जास्त सुंदर आहे. आत जाता आलं नाही म्हणून खंत करू नका. आणि हा एक दिवस शनिवारी ठेवू नका. शनिवारी फ्युसेनच्या गाडीत उभं राहायलाही जागा नसते. मुलाला आठवड्यातली एक रजा काढायला सांगा, ती याच दिवसासाठी.

आतून राजवाडा पाहायची हौस तुम्ही हेरेनकीमसेला, लुडविगच्याच तळ्यातल्या बेटावरच्या राजवाड्यात, फेडून घ्या. माझ्या मते वडीलधाऱ्यांसाठी म्युनिकच्या आसपास याहून चांगला दिवस नाही. तासाभरात गाडी प्रीनला पोहोचते. तिथून धक्क्यापर्यंत १८८७ पासून चालणारी छोटीशी आगगाडी आहे, पुढे बोट. बेटावर उतरल्यावर राजवाडा सपाट वाटेनं वीसेक मिनिटांवर, शिवाय घोडागाडी आहेच. फ्रान्सच्या व्हर्सायवरून बेतलेला हा राजवाडा, १८७८ मध्ये काम सुरू झालं, पैसे संपले म्हणून अर्धवट राहिला, आणि राजा त्यात जेमतेम दहा दिवस राहिला. एक भव्य जिना चढलात की पुढे सगळं सरळ. झगझगीत आरशांच्या दालनातून बाहेर पडून पुढच्या भागात शिरलात की उघड्या विटा. मला तो क्षण दरवेळी गलबलून टाकतो. त्याच बेटावरच्या जुन्या मठात ऑगस्ट १९४८ मध्ये तज्ज्ञांनी बसून पश्चिम जर्मनीच्या राज्यघटनेचा मसुदा तयार केला. काकांना नागरिकशास्त्र शिकवल्याचा अभिमान आहे असं तुम्ही लिहिलंत, त्यांना ते प्रदर्शन नक्की दाखवा. वेळ उरला तर शेजारच्या फ्राउएनइन्सेल बेटावर उतरा. तिथला जोगिणींचा मठ आठव्या शतकातला, मोटारी नाहीत, दारोदारी फुलं.

गाडीबद्दल एक गोष्ट, जी मी आता प्रत्येकाला दोनदा सांगते. इथल्या काही प्रादेशिक गाड्या वाटेत तुटतात, म्हणजे पुढचे डबे एकीकडे जातात आणि मागचे दुसरीकडे. टेगेर्नसे तळ्याकडे जाणारी गाडी अशीच. एकदा एका जोडप्याला मी फलाट आणि वेळ लिहून दिली, डब्याचं सांगायचं राहिलं. ते चुकीच्या अर्ध्यात बसले आणि भलत्याच गावी पोहोचले. बाईंचा फोन आला तेव्हा आवाज कापत होता. चूक माझी होती. तेव्हापासून सांगते: चढण्याआधी डब्यावरच्या पाटीवर आपल्या गावाचं नाव आहे का ते पाहा, आत बसल्यावर शेजारच्याला गावाचं नाव उच्चारून विचारा. भाषा लागत नाही. नाव आणि प्रश्नार्थक चेहरा पुरतो.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण घरच्यांना त्याची काळजी असणार. बायर्नच्या पारंपरिक बिअर गार्डनमध्ये स्वतःचा डबा घेऊन बसायची मुभा आहे. पेय तेवढं तिथलं घ्यायचं, आणि ते लिंबू सरबत किंवा सफरचंदाचा रस असला तरी चालतं. टेबलक्लॉथ नसलेली टेबलं त्यासाठीच असतात, टेबलक्लॉथ घातलेल्या टेबलांवर वेटर येतो. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला हिर्शगार्टनला नेलं. चेस्टनटच्या झाडांखाली लांब बाकं, पायाखाली खडी. तिनं स्टीलचा डबा उघडला, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी. शेजारी एक आजोबा पांढरा मुळा सुरीनं गोल गोल कापत होते, एक अखंड पातळ सळ सुटत होती. त्यावर त्यांनी मीठ भुरभुरलं, थोडं पाणी सुटू दिलं आणि ती सळ आईपुढे सरकवली. आईनं दोन पुऱ्या त्यांच्या ताटलीत ठेवल्या. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. त्या दिवसानंतर आई एकटी बाहेर पडायला लागली.

बाहेर शाकाहारी म्हणून केझेश्पेट्सले (चीज घातलेल्या, शेवयांपेक्षा जाड अशा पिठाच्या कण्या), ब्रेत्सेल (वेढा दिलेला खारट पाव), बटाट्याची थालीपिठासारखी धिरडी मिळतात. पाणी मागताना 'श्टिल' म्हणा, नाहीतर सोड्याचं येतं. घरच्या नळाचं पाणी बिनदिक्कत प्या आणि बाटली भरून न्या. स्वच्छतागृहासाठी ५० सेंट, एक युरोची नाणी वेगळी ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद. डॉइचेस म्युझियम हे विज्ञान-तंत्रज्ञानाचं संग्रहालय मात्र सोमवारीही उघडं असतं. पाऊस पडला तर तिकडे जा, तिथल्या मुलांच्या विभागातून नातू लवकर निघणार नाही.

आता तुमच्या यादीतलं उरलेलं. बर्लिन एका दिवसाचं नाही. आयसीईनं एका बाजूला चार तासांच्या आसपास. तीन रात्री काढता येत असतील तर जा, आणि संसदेच्या काचेच्या घुमटासाठी आधी नावनोंदणी करा, ती फुकट आहे. नाहीतर यावेळी सोडा. हायडेलबर्ग, ब्लॅक फॉरेस्ट आणि युरोपा-पार्क तिन्ही देशाच्या नैर्ऋत्येला, म्युनिकहून येऊन-जाऊन करण्यासारखी नाहीत. नातवासाठी पार्कच हवं असेल तर ग्युन्ट्सबुर्गचं लेगोलँड जवळ आहे, तिथे मुलगा आणि नातू जातील, तुम्ही घरी आराम करा. रोथेनबुर्गला गाड्या बदलत तीन तास लागतात. जुन्या दगडी गावाची हौस रेगेन्सबुर्गला भागते. दीड तासाचा प्रवास, डॅन्यूबवरचा बाराव्या शतकातला दगडी पूल, आणि जुनं गाव बऱ्यापैकी सपाट. त्सुगश्पित्से २,९६२ मीटर उंच, तिकीट महाग, आणि ढग असतील तर वर काहीच दिसत नाही. म्हणून आदल्या रात्री शिखरावरच्या कॅमेऱ्याचं चित्र इंटरनेटवर पाहून ठरवा, आधी तिकीट काढू नका. काकांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. साल्झबुर्ग खुशाल करा, पासपोर्ट जवळ ठेवा, सीमेवर तपासणी होते.

एक ठिकाण तुमच्या यादीत नाही. दाखाउची नाझींची छळछावणी, मार्च १९३३ मध्ये सुरू झालेली, आज तिथे स्मारक आहे. लोकल आणि बसनं जाता येतं, प्रवेश फुकट. हे सहलीचं ठिकाण नाही आणि नातवाला नेऊ नका. पण तुम्हा दोघांना मनाची तयारी असेल तर एखाद्या सकाळी जा, आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

म्हणजे गणित असं बसतं: आठवड्यात दोन किंवा तीन दिवस तुम्ही दोघं, अर्ध्या दिवसाची जवळची ठिकाणं. शनिवारी सगळ्यांनी मिळून एक लांबचं. रविवार घराजवळच्या बागेत. जूनमध्ये इथे रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे पहाटे निघायची घाई करू नका. जेवून निघालात तरी दिवस पुरतो. पहिला आठवडा फक्त शहर.

मुलाचं घर कोणत्या स्टेशनाजवळ आहे आणि गुडघा जिन्यावर दुखतो की चालतानाही, एवढं कळवा. पहिल्या मंगळवारी घरापासून निम्फेनबुर्गपर्यंत कुठे चढायचं, कुठे उतरायचं आणि लिफ्ट कोणत्या टोकाला आहे, ते लिहून देते.